पदूदादाच्या रक्ताचा कौल

भिसेगाव, कर्जत
कार्तिक वद्य पंचमी, शके १८९७

धाकटे बंधू चिरंजीव गजा यास विठूकडून आशीर्वाद. नाशिकची थंडी मानवते ना? घरची मंडळी, मुले खुशाल असोत. इकडे देवीच्या कृपेने सगळे जिवंत आहेत. (असे का लिहितो, ते पुढे कळेल.)

त्या सोमवारी सकाळी अंघोळ करून मी गावदेवीला कौल लावला. ओल्या पाकळ्या दगडाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या आणि विचारले, दादाची बोटे कापू द्यावीत का? उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. (भाताचे धसकट पायात शिरल्यावर दादाने हळद भरली, कोणाला बोलला नाही आणि विष रक्तात चढले, हे तुला कळवले होतेच.) दोन बोटे काळी पडली होती. पण शुद्ध जाण्याआधी दादाने माझ्याकडून शपथ घेतली होती, "विठ्या, सुरी लावू द्यायची नाय. देवानं दिलंय तेवढं समदं परत न्यायचं हाय." पाकळ्या काही हलल्या नाहीत. माझे गुडघे मात्र भरून आले.

दवाखान्यात गेलो तर तिथे निराळाच कौल. डॉक्टर रोज दादाचे रक्त काढून भिंगाखाली पांढऱ्या पेशी मोजायचे आणि त्यावरून माणूस तरेल का याचा अंदाज बांधायचे. आदल्या दिवशी सव्वीस हजार निघाल्या होत्या. त्या पेशी म्हणजे रक्तातले शिपाई, असे कळल्यावर शिळफाट्याची बायजामावशी खूश झाली होती. (आपल्या घरात माणसे कधी कमी नसतात, असे तिचे म्हणणे.) डॉक्टर म्हणाले, शिपाई एवढे म्हणजे लढाई मोठी. सोमवारी पेशी तीन हजारांवर उतरल्या. आम्ही समजलो, लढाई जिंकली! मावशीने दवाखान्याच्या पायरीवर नारळ फोडला आणि पहिला तुकडा डॉक्टरांच्याच हातात दिला. ते तुकडा धरून तसेच उभे राहिले.

"मावशी, लढाई नाही संपली. शिपाई संपले."

खोबऱ्याचा तुकडा घेतलेला कोंडीवहिनीचा हात तोंडाशीच थांबला. मी विचारले, "म्हणजे दादा जाणार?"

"तसं रक्त सांगत नाही. धोका किती, तेवढंच सांगतं. बोटं कापायची का, ते ठरवायचं तुम्हालाच."

गजा, आपला गुरव अगदी हेच म्हणतो. मला डॉक्टर फार आवडले. वहिनीकडे पाहिले, तर ती म्हणाली, "भावजी, शपथ तुमी घेतलीय, मी नाय." देवीचे नाव घेतले आणि म्हणालो, कापा.

पुढे पेशी वाढल्या आणि ते चांगले निघाले. (आता आकडा ऐकला की मी आधी डॉक्टरांचे तोंड पाहतो, मग आनंद मानतो.) दादा उठून बसतो, तांदळाची भाकरी खातो, नर्सबाईंना रागावतो. मन भरून येते. पायाला जाड पट्टी आहे. "बोटं खाजतात रं," म्हणतो, आणि मी मुकाट्याने पट्टीवरून खाजवतो.

ता. क. दादाला अजून माहीत नाही. तो तुझ्यावर कधी रागावत नाही. तेव्हा रविवारी येऊन तूच सांग. त्या दिवशी मला नेमके ठाकुरवाडीला काम निघणार आहे.

पुन्हा ता. क. पत्र टाकायला निघालो, ते पाय दवाखान्याकडे वळले. बोटे कापल्याचे मी सांगितले, तेव्हा दादाने चादर सारून पट्टी पाहिली. मग म्हणाला, "शपथ मोडलीस?" मी म्हणालो, मोडली. "बरं केलंस. पन सांगायला गजाला बोलावनार होतास ना रं?" मी पत्राच्या खिशावर हात ठेवला.

तू ये, पण नुसता जेवायला ये. सांगायचे ते मी सांगून टाकले.

विठू