वाढलेलं आणि खाल्लेलं

आई गं,

नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. म्हणजे, घशाखाली उतरतं तेवढं.

तू विचारलंस, नोकरीत नक्की करतेस काय? शाळेत मुलांची ताटं वाढली की वजन करते, जेवण झालं की उरलेलं परत मोजते. वजाबाकी केली की पोटात किती गेलं ते कळतं. पद्धत भारी आहे गं! पण उष्टं चिवडायचं म्हणजे शी! चावून थुंकलेले घास, परवा तर त्यात कुणाचा तरी दुधाचा दात.

त्याची सवय झाली. खरी किळस काल आली, ती आमच्या ऑफिसच्या सरांची. भाजी आंबलेली होती, मुलांनी सगळी बादलीत टाकली. सर म्हणाले, "बेटा, उरलेल्याच्या रकान्यात शून्य टाक. रिपोर्ट छान दिसतो." बेटा म्हणे!

मी म्हटलं, "मग ही बादलीतली कोणी खाल्ली, सर?" फॉर्मवर सही केलीच नाही.

उद्या ऑफिसात बोलावलंय. तू टेन्शन घेऊ नकोस, बाबांना सांगू नकोस. ताई आणि भाची माझ्याच खोलीत झोपतात ना? झोपू देत. मी घरी परत आलेच तर मला कोपरा पुरेल.

तुझीच,
धाकटी