पालथं सूप

तळेगाव (श्यामजी पंत)
१२ डिसेंबर १९७९

काऊन रे, दालमिलच्या दाराले कागद चिकटवला म्हणजे तू लय मोठा मालक झाला काय? तीन दिवस अर्जाबिगर गैरहजर, का नाव कट! आपल्या दहा बायांत वाचता कोणाले येते, ते त्या दारालेच विचारजो.

चि. रूपराव यास आजीचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे सोडून.

तुझ्या मुनीमजीनं, बंडूजीनं, काल पंचफुलाचं नाव कापलं. अकरा वर्षं ती आपली डाळ पाखडून राह्यली. नवरा जंगू झाडावरून पडला, त्याले घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात गेली. जातानी आपलं सूप खिळ्याले पालथं टांगून गेली. तुझा आजा होता तवापासून हाच आपला अर्ज. सूप पालथं म्हणजे बाई परत येते, तिच्या जागी कोणी बसाचं नाई. ते सूप बंडूजीनं सुलटं केलं अन् आपल्या भाचीच्या हाती दिलं!

नाव परत लाव. माया ठेवजो, अक्कलही ठेवजो.

रुख्माबाई

सिंदी मेघे
१७ डिसेंबर १९७९

ती. आजीस रूपरावचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रागावलो, मग हसलो. पण आजी, मागच्या महिन्यात लग्नसराईत एका दिवशी सहा सुपं पालथी झाली. माल आठ दिवस पडून राहिला, व्यापारी दुसऱ्या मिलकडे गेला. म्हणून नियम केला. एकीसाठी मोडला तर उद्या दहाजणी मोडतील. बंडूजींना नुसतं सांगितलं असतं तरी त्यांनी अर्ज लिहून दिला असता. पंचफुलाबाईनं कोणाला विचारलंच नाही, त्याला मी काय करू? अजूनही अर्ज दिला तर घेऊ.

गुडघ्यांना तेल लाव. रागासकट लोभ असू दे.

तुझा रूपराव

तळेगाव
२६ डिसेंबर १९७९

विचारलं होतं तिनं. मले विचारलं होतं.

चि. रूपराव यास आशीर्वाद. सहा सुपांचं मले कोणी सांगतलं नाई, त्यात तुझं खरं आहे. पण जायच्या दिवशी पंचफुला ओसरीशी आलती. म्हणे, माय, दाराले कागद लागला, काई लिहून द्या लागते काय? मी तिच्यावरच खेकसली. म्हटलं, अकरा वर्षं झाली अन् आता मले शिकवतं? टांग पालथं अन् जाय. कागद मी वाचलाच नव्हता. वाचला तो तिचं नाव कापल्यावर.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी जंगू वारला. काल ती मिलवर आली. आपल्या सुपावर दुसरीचा हात पाह्यला. भांडली नाई. बंडूजीनं कोरा कागद पुढं केला, लिहून देतो, अंगठा लाव म्हणे. तिनं विचारलं, काय लिहिता? तो म्हणे, नवऱ्याच्या आजारपणाची रजा. ती म्हणे, आता कोण आजारी आहे? अन् चालली गेली.

मी तिच्या घरी जाऊन माझी चूक सांगून आली. तिनं पाणी देल्लं.

बाजाराच्या दिवशी येजो. ते सूप घेऊन तिच्या दाराशी जाजो. लोभाचं त्याच्यानंतर पाहू.

रुख्माबाई

ता. क. मले पत्र धाडू नको, बंडूजीले मधात घालू नको. जवाब तूच द्याचा, तिले, तोंडानं.