न दुखलेला हात

प्रिय सहदेवदादा,

पत्र बघून हसशील. पण तुझा फोन वाडीभर फिरतो, आणि माझे व्हॉइस मेसेज ठकूकाकी स्पीकरवर लावून सगळ्यांना ऐकवते. हे फक्त तू वाच. शुद्धलेखन सांभाळून घे, इंग्लिश मीडियमची पोरगी आहे.

आधी माझी बातमी. लॅबमध्ये मला शेवटी मोठ्या मायक्रोस्कोपवर बसू दिलं! एक जंतू माणसाच्या नाकातल्या अस्तराच्या पेशीत कसा शिरतो, ते आम्ही बघतोय. मला वाटायचं, दार फोडून घुसत असेल. तसं नाहीच रे. तो नुसता येऊन चिकटतो. मग पेशीच हलते. तिच्या अंगावर सुरकुत्या उठतात, बोटांसारख्या त्याच्याभोवती मिटतात आणि त्याला आत ओढून घेतात. आम्ही त्या जंतूच्या अंगावरचं प्रोटीन प्लास्टिकच्या बारीक मण्यांना चोपडलं. निर्जीव मणी! पेशीने तेही घेतले. पडद्यावर ती सावकाश मिटत होती, खोलीत एसीची घरघर सोडून आवाज नव्हता. मी खुशीत टाळी वाजवणार होते. वाजवलीच नाही. मला तुझा हात आठवला.

गेल्या शिमग्याला सकाळी होम पेटला तेव्हाचा. पोरं काठीने नारळ ओढत होती आणि तू सरळ निखाऱ्यांत हात घातलास. नारळ काढलास, धरून उभा राहिलास, हसत. पालखीवाला सोनबा ओरडला, “देव पावला रे!” ढोल थांबले. म्हाताऱ्या तुझ्या पाया पडल्या. काकी मला म्हणाली, “बघ गो सारिका, तुमच्या मुंबईत हाय का असला कोण?” माझ्याकडे त्याचा व्हिडिओ आहे. परवा स्लो करून बघितला. तुझ्या तळव्याची कातडी पांढरी पडून फुगत जाते, आणि तुझा चेहरा तसाच हसत राहतो. मनगटाच्या वर सुपारीएवढा फिकट डाग आहे, त्यावर एक केस नाही. शर्मिलावहिनी म्हणालेली, उन्हाचा असेल.

त्या जंतूचं पुढचं सांगते. आत गेल्यावर त्याला घाई नसते. वर्षानुवर्षं गप्प बसतो. मग नसांमध्ये जातो. ताप नाही, ठणका नाही. उलट दुखणंच काढून नेतो. त्याचं नाव वाडीत कुणी मोठ्याने घेत नाही, म्हणून लिहूनच टाकते. कुष्ठरोग.

पत्र फाडू नकोस. हा पूर्ण बरा होतो, खरंच. सरकारी गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने, फार तर वर्षभर. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही. तुझ्या ओमला, वहिनीला, काकीलाही तपासतील आणि होऊ नये म्हणून औषध देतील. पण हाताच्या नसा एकदा मेल्या की परत येत नाहीत.

काल काकीचा फोन आला. खूश होती. म्हणे यंदा गावकीने ठरवलंय, नारळ सहदेवच काढणार, आणि दोन्ही हातांनी. म्हणून हे पत्र. मी शनिवारी येते. सोमवारी आपण दोघं पोलादपूरला दवाखान्यात जाऊ. काकी विचारेल, तर सांग सारिकाला खरेदी करायचीय.

माझं चुकलेलं असूदे, मला जन्मभर चिडव. पण आज एक कर. डोळे मीट आणि वहिनीला सांग, कापसाची वात त्या डागावर हवी तेव्हा टेकव. टेकली की ‘हां’ म्हणायचं. मला भीती वाटते दादा, तू बराच वेळ वाट बघशील, मग वैतागून म्हणशील, “टेकव की गो आता!” आणि डोळे उघडशील, तेव्हा वात कधीपासूनची तुझ्या हातावर असेल.

शनिवारी येतेच आहे,
तुझीच,
सारिका