भिमाचं नाव गाण्यातून कुणी काढलं

चि. भिमा यास,

शिरूरहून तुझ्या थोरल्या आक्काचे पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळी ठणठणीत हाओत. तुझा गुडघा कसा हाय? (तेल लावतोस का नुसती बाटली उशाला ठिवतोस?) सूनबाई प्रतिभा बरी असंल, आन् ज्याचं रविवारी जावळ हाय तो तुझा नातू तर गोडच असंल, आजीवर गेलाय. मी दुसरीपातूर शिकलेली, तवा अक्षराला हसू नको. तू फोन उचलत न्हाईस म्हणून कागद धरला.

प्रतिभानं तुला ते गाणं ऐकवलं, आन् तू म्हणालास म्हणं, "आक्कानं ओवीतनं भावाला काढलं आन् नवऱ्याला घातलं. आता बसू दे नवऱ्यापाशी, मी न्यायला कुणाला धाडत न्हाई." भिमा, न्यायला माणूस आल्याबिगर मी माहेरची पायरी कवा चढले का? तू न्हाई धाडलंस तर जावळ माझ्याबिगर व्हईल. म्हणून झालं काय ते नीट वाच.

दिवाळीत मी ताक घुसळत होते. तोंडात आपल्या राहू गावची नेहमीची ओवी,

राहूच्या वाटंवरी, धुरळा कुणाचा उठला
भिमा माझा भाऊराया, मला न्यायाला सुटला

ती नात हर्षदानं गुपचूप फोनमधी धरली आन् तिच्या कारेगावच्या कंपनीतल्या ईश्वरला दिली. हा ईश्वर दिवसभर मशिनवर पत्रा कापतो आन् सुट्टीला कॉम्प्युटरवर गाणी कापतो. (हात तोच, सवय तीच.) त्यानं रिमिक्स केलं. त्याला ट्रान्स म्हणत्यात, म्हंजी ऐकता ऐकता माणसाची तंद्री लागते. माझी लागली की! हर्षदानं हलवून उठवलं.

"आजी, खरं खरं सांगा कसं झालंय," ईश्वर म्हणाला. मग सांगितलं. पहिली दोन मिनिटं नुसतं धप् धप् धप्. हर्षदा म्हणते हे प्रोग्रेसिव्ह हाय, हळूहळू पुढं जातं. कुठं जातंय? डेपोत उभी यष्टी गुरगुरती तसं जाग्यावरच. मग माझा आवाज आला, तो विहिरीत पडल्यावाणी. चार डाव "धुरळा", आठ डाव "धुरळा", सोळा डाव "धुरळा". मला ठसकाच लागला. मधीच सगळं गप्प. मी म्हटलं लाईट गेली. तर एकदम धडाम्! आन् सगळ्यात मोठं शाणपण ऐक, माझ्या रवीची घुरघुर "नॉइज" म्हणून पुसून टाकली, आन् तसलीच घुरघुर मशिनची घातली. आठ मिनिटं! तेवढ्यात मी लोणी काढून, भांडं घासून, शेजारच्या अनसाबाईशी भांडूनसुदिक येते.

आन् तुझं नावच न्हाई! म्हणाला, "आजी, ते ठेक्यात बसत न्हाई. आन् भावाचं गाणं कोण ऐकतंय? लव्ह साँग पाहिजे. आजोबांचं नाव घ्या." आता सांग. शेहेचाळीस वरसं मी ह्यांना "ऐकलं का" म्हणते. आन् हे कुठनं मला न्यायला सुटणार? एकदा आणलंय तेवढं पुरं झालं. मी न्हाई म्हणाले. तर म्हणतो, कॉम्प्युटर तुमच्या इकडच्या तिकडच्या ओव्यांतली अक्षरं जोडून नाव तयार करील. आन् केलं की रं! माझ्या गळ्यातनं ह्यांचं नाव, बत्तीस डाव!

आता हे रोज दाढी करत्यात. मार्केट यार्डात ज्याला त्याला फोन कानाला लावत्यात. काल तर म्हणाले, "ताक बरं झालंय." लग्नापासनं पहिल्यांदा. ह्या वयात शोभतं का?

तर दोष त्या यंत्राचा, माझा न्हाई. ईश्वरला झापून तुझ्या नावाचं दुसरं गाणं करून घेतलंय. ठेक्यात बसत न्हाई ते न्हाईच, पण हाय.

तुझी,
म्हाळसाआक्का

ता. क. शनिवारी तुझ्या पोराला, मल्हारला, गाडी घेऊन धाड. मी पिशवी भरून ठिवलीय. जावळाला डीजे सांगितला असशील तर तुझ्या नावाचं लाव, पण मोठ्यानं लाव, आन् आवाज कुणाचा ते पाव्हण्यांना सांग.

ता. क. दुसरा. हे एकट्यानं वाच आन् फाडून टाक. यंत्राला ते नाव काय जोडता आलं न्हाई, करडू वरडल्यावाणी निघालं. मग मी हर्षदाला बाहेर घालवलं, दार लावलं, आन् घेतलं. ह्यांना सांगशील तर बघ. रागव हवं तर, पण भिमा, मी एकदाच घेतलं. बाकीचे एकतीस डाव यंत्रानंच घेतलंय.