चुंबकाला न चिकटणारी अंगठी

भोर,
२१ फेब्रुवारी १९९९

प्रिय मेहनाजचे अब्बा,

सलाम. तुमचं पत्र मिळालं, घडीत ठेवलेला बोटाच्या मापाचा दोराही मिळाला. अंगठीबद्दल लिहिलंत, म्हणून आधी तिचंच सांगते. कारखान्यातल्या वाफेनं चांदी काळी पडते, झिजते, आपल्या मंगनीतली अंगठी शेवटी बोटातून निसटून मोरीत गेली, आता एखाद्या टणक धातूची करून पाठव, हे सगळं मी अम्मींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, गेली तर गेली, मुलगा शाबूत आहे ना माझा. आणि त्याच दिवसापासून नव्या अंगठीच्या मागे लागल्या. ईदला तुम्ही आला नाहीत, तेव्हापासून त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. म्हणून मलाही बरं वाटलं.

मी ज्ञानू सोनारांकडे गेले. ते म्हणाले, वहिनी, तुमच्यात पुरुषाला सोनं चालत नाही, चांदी तिकडची वाफ खाते, मग माझ्या दुकानात उरलं काय? प्लॅटिनम म्हणाल तर ते मीही फोटोतच पाहिलंय. तांब्यानं बोट हिरवं होतं, मुलाम्याची अंगठी चार दिवस चमकते. स्टीलची करा, असं त्यांनीच सुचवलं. घरी येऊन सांगितलं तर अम्मी भडकल्या. स्टील म्हणजे लोखंडच, आणि लोखंड बोटात घालून माझा मुलगा नमाजाला उभा राहणार नाही. तुमच्या धाकट्या भावाला, सरफराजला गप्प बसवतंय कोण! म्हणाला, मग अम्मी, तू रोज लोखंडात जेवतेस का? अम्मी म्हणाल्या, ताट बोटात घालत नाही मी, गाढवा. मौलानांना विचारू या म्हटलं, तर त्यांचे गुडघे त्यांना पुरे आहेत, म्हणाल्या. शेवटी निकालही त्यांनीच दिला. चुंबक ज्याला धरत नाही, ते लोखंड नाही.

मग काय, सरफराजनं जुना रेडिओ उघडला आणि स्पीकरचं चुंबक काढलं. मेहनाज ते घेऊन घरभर फिरली. चिमटा चिकटला, झारा चिकटला, डबे चिकटले. माझ्या माहेरचा एक पेला तेवढा चिकटला नाही. अम्मी आता त्याच पेल्यातून पाणी पितात. तुमच्या सासरचं काही त्यांना पसंत पडल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मार्गासनीच्या गेनबांचा इंद्रजित शिरवळला लेथवर आहे, हे तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही आणि सरफराज टेम्पोत त्यांच्या भाताची पोती भरायचात, तेव्हा तो शाळेत होता. त्याच्याकडे तसल्या स्टीलचा तुकडा आहे असं कळलं, म्हणून गेल्या रविवारी मी सरफराजबरोबर टेम्पोतून गेले. अंगणातच इंद्रजितनं तुकडा पुढे केला. मी चुंबक लावलं, ते घसरून खाली पडलं. गेनबा हसले. वैनी, आता तुमच्या सासूबाईंचा शिक्का बसला म्हणायचा! पोरगं म्हणालं, ही अंगठी आम्ल, वाफ कशालाच दाद देणार नाही, काकांच्या नातवंडांनाही पुरेल. फक्त एकदा झाली की वाढवता येणार नाही आणि कमीही करता येणार नाही, तेव्हा माप नीट द्या.

मी दोरा दिला. त्यानं गाठीशी गाठ जुळवून कडं केलं आणि पाहत राहिला. गेनबांनी ते त्याच्या हातातून घेतलं, स्वतःच्या करंगळीत घालून पाहिलं. म्हणाले, वैनी, ह्यो दोरा तुमी मेहनाजचा आणला जनू. मुबारकचं बोट म्या पायलंय की. पोत्याचा हूक धरायचा तवा लोखंड कुटलं आन् बोट कुटलं, कळायचं न्हाई. सरफराज म्हणाला, दोरा भिजून आटला असेल. मीही हसले. चहा झाला, त्यांनी तांदूळ बांधून दिले. इंद्रजितनं मापाचं पुन्हा विचारलं नाही.

परतताना मी तो दोरा माझ्या बोटात घातला. अंगठीच्या बोटात. घट्ट बसला. लग्नानंतर एकदा गंमत म्हणून तुम्ही तुमची अंगठी माझ्या अंगठ्यात घातली होती, आठवतं? ती अंगठ्यातही फिरत होती. कापूरहोळच्या अलीकडे सरफराजनं टेम्पो कडेला घेतला आणि समोर बघतच म्हणाला, भाभी, चांदी झिजली तर अंगठी पातळ होते. एवढी मोठी होऊन गळून पडत नाही.

तेव्हापासून मी तुमची जुनी पत्रं काढून बसते. पूर्वी तुम्ही एका दमात लिहायचात. आता एका पत्रात दोन-तीन रंगांची शाई असते. फोटो पाठवा म्हटलं की फोटोवाल्याचं दुकान बंद असतं. एसटीडीवर तुम्ही हसलात, मग खोकलात, मग लाइन कापली गेली, आणि पुढच्या वेळी तुम्ही म्हणालात, धूळ आहे इकडे. मी मानलं. सुट्टी मिळाली नाही, तेही मानलं. तुम्ही सगळं झाकलंत, फक्त बोटाचं माप खरं पाठवलंत. आम्ही ते कशाशी ताडून बघू, हे तुमच्या ध्यानात आलं नसावं. की आलं होतं? एवढ्या एका गोष्टीचं उत्तर मला समोरासमोर हवंय.

अंगठी मी करायला सांगितलेली नाही. त्या दोऱ्याच्या मापाची सांगायला तोंड उघडलं नाही, आणि जुन्या मापाची सांगायचा धीर झाला नाही. अम्मींना म्हटलंय, अंगठी तयार झाली, ती द्यायला आम्हीच जातोय. गुरुवारी मी आणि सरफराज निघतो, शनिवारी सकाळी तुमच्या खोलीवर पोचू. तुम्हाला घेऊनच परत येऊ. पुण्याच्या डॉक्टरांशी सरफराज बोलून आलाय, तिथले काही कागद, गोळ्या असतील तर जवळ ठेवा. येऊ नका असं कळवू नका, खोली बदलू नका. आणि एक ऐका, दाढी करून, सदऱ्याच्या आत स्वेटर घालून दारात उभे राहू नका. उठवत नसेल तर उठू नका. कडी तेवढी काढून ठेवा, आम्ही आत येऊ.

तुमचीच,
जोहरा