धुरपताई लॉन्सचा रस्ता

प्रिय व्यंकट,

पाहुण्यांसाठी माहिती लिहून दे म्हणाला होतास, ती लिहून झाली. साडेतीन पानं भरली. पुण्याची एकशेचाळीस माणसं पहिल्यांदाच आपल्या गावात येणार, त्यांचं कुठं अडू नये, अक्का, तू शाळेत लिहून द्यायचीस तसं सोपं लिही, असं तू फोनवर म्हणालास. हर्षालीताईंचाही फोन आला होता. मुलीची आई, काळजी असणारच. शिवरंजनीच्या मैत्रिणींना नुसतं लग्न लावून परतायचं नाही, गावही बघायचंय, असं त्या सांगत होत्या. मला बरं वाटलं. मुद्दाम धाराशिव बघायला कोण येतं?

तेव्हा मनापासून लिहिलं. रेल्वेनं येणाऱ्यांनी स्टेशन गावापासून लांब आहे हे लक्षात ठेवावं. रिक्षावाल्याला धाराशिव म्हटलं काय आणि उस्मानाबाद म्हटलं काय, तो एकाच गावात आणतो. सकाळी हातगाड्यांवर सुशीला मिळते, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना दिलेली फोडणी. गरम असतानाच खावी. लेणी आठच्या आत बघून घ्यावीत, वैशाखात नंतर दगडाला हात लावता येत नाही. तुळजापूर दुसऱ्या दिवशी, पहाटे निघून. दर्ग्याकडच्या बाजारात संध्याकाळी पायीच फिरावं. तिथं बांगड्या चांगल्या मिळतात आणि भाव सांगण्याआधी दुकानदार तुमचं गाव विचारतो. परतताना भूमच्या खव्याचे पेढे घ्यावेत. लग्नात झणझणीत येसर आमटी असेल, ती पहिल्यांदा बेतानं घ्यावी. हे सगळं लिहिताना ह्यांनाही वाचून दाखवत होते. दोन वर्षं झाली अंथरूण धरून, बोलणं अजून अडखळतं, पण लेण्यांचा विषय निघाला की चार शब्द नीट येतात. पाण्याच्या बाटल्यांची ओळ त्यांनी घालायला लावली.

रस्त्याचं लिहू नको, असं तू दोनदा सांगितलंस. लोकेशन टाकणार होतास. येडशी रस्त्याला डाव्या हाताला नवीन लॉन झालंय, एवढंच म्हणालास, नाव सांगितलं नाहीस. पण माझ्या वर्गातल्या पोरांनासुद्धा मी न पाहिलेल्या जागेवर निबंध लिहू दिला नाही. फोनवरची खूण म्हाताऱ्या माणसांना कळत नाही, त्यांना वळणावरचं झाड सांगावं लागतं. म्हणून मंगळवारी शेजारच्या विठाबाईंना ह्यांच्याजवळ बसवलं आणि रिक्षा केली. दोन वर्षांत घरापासून इतकी लांब पहिल्यांदाच गेले. रिक्षावाल्याला म्हटलं, नवं लॉन. तो बरोबर घेऊन गेला. रस्ता आता इतका रुंद झालाय की कुठं आले ते मला ओळखू आलं नाही.

फाटकावर मोठ्या अक्षरांत आईचं नाव होतं. धुरपताई लॉन्स. खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. वाटलं, दुसऱ्या कुणाच्या आईचंही हेच नाव असावं. मग विहीर दिसली. तिच्याभोवती कारंजं केलंयस, पण काठावरचा तुटका दगड तसाच आहे. तिथंच पाय धुऊन आपण घरी जायचो. तेव्हा कळलं की मी आपल्या शेतात उभी आहे.

आई गेल्यावर सहा महिन्यांनी तू कागद घेऊन आला होतास. शेतावरचा माझा हक्क सोडल्याचा. मला ते कधी जड वाटलं नाही. बहिणीनं हक्क सोडायचा आणि माहेर राखायचं, हे ऐकतच वाढलो. निबंधकाच्या कचेरीत, बाहेरच्या बाकावर बसून मी तुझ्याकडे एकच मागितलं. फाटकाजवळचा आईचा कोपरा तेवढा सोड. आपल्यात माती देतात, तिला तिथं बसवलंय, ओटा बांधलाय, बेल लावलाय, बाकी शेताचं तू काहीही कर. तू माझ्याकडे बघून म्हणालास, "अक्का, आई काय तुझी एकटीची हाय व्हय?" मला लाज वाटली. ते कागदात घालू या, असं म्हणणार होते, ते गिळलं. पाठच्या भावाकडे लिहून कसं मागायचं? चौतीस वर्षं मी पोरांना सांगत आले, वाचल्याशिवाय सही करू नये. मी वाचलं होतं. जे मागितलं ते त्यात नव्हतं, हे दिसत होतं. तरी सही केली.

कोपरा शोधायला वेळ लागला. बेल नव्हता. ओटा नव्हता. फाटकापासून भिंतीपर्यंत सरळ लाल-करडे पेव्हर ब्लॉक आहेत आणि त्यांवर पांढऱ्या पट्ट्या मारल्यात. विहिरीपासून पावलं मोजत गेले. आईला ठेवलं त्या दिवशी बाबांच्या जागी तू पुढं होतास, मी मागून मोजली होती, का ते माहीत नाही. बावीस. बाविसाव्या पावलावर थांबले तर तिथला वॉचमन आला. गुरुलिंग नाव. माझ्याच वयाचा असेल, बोलायला नम्र. म्हणाला, "बाई, इथं गाड्या लागत्यात, बाजूला सावलीत बसा की." मी विचारलं, इथं ओटा होता ना? तो म्हणाला, व्हता की, कुणाचं तरी थडगं व्हतं. मालक पुण्याला असत्यात, त्यांनी दिवाळीच्या आधी काढाया लावलं. मी विचारलं, का? तो सरळ म्हणाला, "मोठ्या गाड्या वळत न्हवत्या."

त्याला मी कोण ते सांगितलं नाही. त्यानं आणून दिलेलं पाणी प्याले.

दिवाळीच्या आधी. मग मला तुझा चैत्रातला फोन आठवला. घरात लग्न निघालं की पहिली पत्रिका घरातल्या गेलेल्या थोरलीच्या ओट्यावर ठेवायची, हे आजीच्या वेळेपासून आहे. तुझ्या लग्नात मी ठेवली होती, आजीच्या ओट्यावर. तुझ्या नंदीशच्या लग्नाची तू ठेवायची होतीस, आईच्या ओट्यावर. तू फोन केलास आणि म्हणालास, "अक्का, पहिली पत्रिका आईजवळ ठिवून आलो. बेलाखाली बसून आलो घडीभर." तुझा आवाज भरून आला होता. माझाही आला. मी ह्यांना उठवून सांगितलं. त्यांनी उशीवरूनच हात जोडले.

व्यंकट, जमिनीचं मी सोडून दिलं होतं, ते परत मागत नाही. ओटा पाडताना मला विचारलं नाहीस, तेही कदाचित गिळलं असतं. मला घाबरलास असं समजले असते. पण नसलेल्या बेलाखाली तू बसून आलास. हे तुला कसं जमलं, ते मला तीन दिवस कळलेलं नाही. गावात कुणी मला काही बोललं नाही. बहुतेकांना वाटलं असेल, अक्काला विचारूनच केलं असणार.

एका वकिलांना भेट, असं विठाबाई म्हणाल्या. मी नाही म्हटलं. नंदीशचा ह्यात काही दोष नाही. त्याला हळद मी लावणार, आत्याचा मान मी सोडलेला नाही. त्या दिवशी ह्यांच्याजवळ विठाबाईंची सून बसेल, ते ठरवलंय.

हे पत्र एवढ्यासाठीच की तुला आधी कळावं. ती साडेतीन पानं तुझ्याकडे येण्याआधी आज सकाळी मी हर्षालीताईंना पाठवली. त्यांनी लगेच सगळ्या पाहुण्यांना पुढं पाठवली, छान लिहिलंय म्हणाल्या. रस्त्याचा भाग मी लिहिलाय. त्यात शेवटी असं आहे: 'फाटकातून आत आल्यावर डाव्या कोपऱ्यात, फरशीखाली, नवरदेवाच्या आजी धुरपताबाई आहेत. कृपया तिथं गाडी लावू नये. जमल्यास दोन फुलं ठेवावीत.' त्यात एकही शब्द चढवून लिहिलेला नाही. पुण्याची माणसं आहेत, फुलं घेऊन येतील. मग त्यांतलं कुणीतरी तुलाच विचारेल की आजी नेमक्या कुठं आहेत, आणि तुला बोटानं दाखवावं लागेल. मी शेजारीच उभी असेन.

अजून तुझीच,
शिवकन्याक्का