अठ्ठावीस नंबरचं टोकन

४ मार्च
आज दोनदा सायरन. ऑफिसवाले साहेब घरून काम करणार म्हणे. आम्ही काय, जहाज खोलीवर नेऊन वेल्डिंग करू? सावंत फोरमन सकाळीच भुंकला, "सायरन झाला की यल्ला, चला, शेल्टर! मोजणीत आपली गँग पहिली आली पाहिजे." मिसाइलं पडतायत आणि याला नंबर काढायचाय. असला माणूस आमच्या मालवणचा, लाज वाटते.

७ मार्च
आजचं सगळं लिहून ठेवतो.
जहाजाच्या टाकीत चार वेल्डर. माझं काम एकच, टाकीच्या तोंडाशी बसायचं. आत जाणारा आपलं टोकन फळ्यावर लावतो, बाहेर आला की काढतो. टोकन लटकतंय तोवर मी हलायचं नाही.
सायरन झाला. सगळं बंद करायचा नियम, म्हणून मी आत हवा सोडणारा ब्लोअर बंद करायला गेलो. परत येऊन बघतो तर फळा रिकामा. पळालो. जाण्याआधी आत हाक मारायची असते. मारली नाही.
शेल्टरमध्ये सावंतने खिशातून टोकनं काढली. फळ्यावरून त्यानेच ओरबाडली होती, मोजणी लवकर व्हावी म्हणून. "चार. ऑल ओके." वेल्डरांची डोकी तीनच. मी म्हटलं, "इम्तियाज कुठाय?" "असेल दुसऱ्या शेल्टरात. गप बस."
गप बसलो.
पाऊण तासाने गेलो तर इम्तियाज टाकीत शिडीखाली पडलेला, हवेविना बेशुद्ध.

९ मार्च
तो सलमानिया हॉस्पिटलात, ऑक्सिजनवर. शुद्ध आली.
सावंतचा रिपोर्ट तयार: वेल्डर टोकन न लावता आत गेला. म्हणजे बरा झाला की त्यालाच कामावरून काढून घरी पाठवणार. खाली साक्षीदार मी, नाव टाइपसुद्धा करून झालंय. "तू तरी हाक मारलीस काय रे, रेडकर? तोंड उघडलंस तर दोघांचा व्हिसा खलास." वर इम्तियाजचं टोकन माझ्या हातात कोंबलं. समुद्रात टाक म्हणे. हरामखोर! स्वतः टाकायचीही हिंमत नाही.

१० मार्च
धक्क्यावर दोनदा गेलो. नाही टाकलं. सहीही केली नाही. पण सावंतला 'नाही' म्हणालो का? तेही नाही.
बायकोने फोनवर विचारलं, जेवलात का? तिच्यावरच खेकसलो.

११ मार्च
हॉस्पिटल. इम्तियाजचा आवाज पार बसलाय.
"रेडकरदादा, टोकन मी लावलं होतं ना? सावंत सांगून गेला, नव्हतं लावलं. बारा वर्षांत कधी विसरलो नाही ओ."
टोकन माझ्या शर्टाच्या खिशात. अठ्ठावीस नंबर. मी म्हणालो, "तू आराम कर."
त्याने छताकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे नसेलच लावलं. माझ्यामुळे तुम्हाला त्रास. माफ करा दादा."
थुंकावंसं वाटलं. सावंतवर नाही.

१२ मार्च
दहाला चौकशी. खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. सावंत शेजारी, माझ्यासाठी चहा घेऊन आलाय. चहा तसाच ठेवलाय. टोकन मुठीत आहे, घामाने ओलं झालंय.
आत बोलावतायत.